मॅडिसनची १७ पानं आणि जेफर्सनचं मौन : अमेरिकी नेत्यांची खाजगी पत्रं कशी वाचायची?

दौतटाक

एक तिढा मांडतो. जाणकारांनी सोडवायला मदत करावी.

२४ ऑक्टोबर १७८७ रोजी जेम्स मॅडिसन, अमेरिकेची घटना घडवणाऱ्यांपैकी एक, न्यूयॉर्कहून पॅरिसला, थॉमस जेफर्सनला पत्र लिहितो. हस्तलिखितात १७ पानं. नवी राज्यघटना नुकतीच तयार झालेली आणि जेफर्सन समुद्रापलीकडे वकिलातीवर, त्यामुळे मॅडिसन सगळं सविस्तर सांगतो. पण पत्राचा मोठा भाग एकाच मुद्द्याने व्यापलाय: राज्यांनी केलेल्या कायद्यांवर केंद्राला नकाराधिकार हवा होता, तो घटनेत आला नाही, ही मोठी चूक झाली. याच भागात मोठ्या प्रजासत्ताकात बहुमताची दडपशाही का कमी होते, हा त्याचा प्रसिद्ध युक्तिवादही आहे.

जेफर्सनचं उत्तर २० डिसेंबर १७८७ चं. त्यात काय आवडलं, काय नाही, ते मोकळेपणाने लिहिलंय. हक्कांची सनद नाही ही पहिली तक्रार. राष्ट्राध्यक्ष पुन्हा पुन्हा निवडून येऊ शकतो ही दुसरी. मॅडिसनने ज्या मुद्द्यावर एवढी पानं खर्च केली, त्याबद्दल मात्र अवाक्षर नाही.

दोघं जिवलग मित्र. मग हे मौन कशाचं? पटलं नाही म्हणून टाळलं, की पत्र नीट वाचलंच नाही? शिवाय ही पत्रं 'खाजगी' म्हणतात ती कितपत खाजगी होती, हेही सांगा.

शिक्कामोर्तब

धागा आवडला. वाचनखूण साठवली.

मोडीवाचक

दौतटाक, पत्र उघडल्यावर पहिल्यांदा मजकूर वाचू नका. पत्र कोणत्या तारखेला लिहिलं, कोणत्या तारखेला पोचलं आणि त्याआधीच्या कोणत्या पत्राची पोच त्यात दिलीय, या तीन गोष्टी कागदावर लिहून काढा. अठराव्या शतकातल्या पत्रांचे निम्मे तिढे तिथेच सुटतात.

पोच कशी ओळखायची? इंग्रजीत 'युअर फेव्हर ऑफ' असं आलं की तिथे 'फेव्हर' म्हणजे उपकार नव्हे, पत्र. तारखेपुढे 'अल्ट.' असेल तर गेल्या महिन्यातली, 'इन्स्ट.' असेल तर चालू महिन्यातली. ३ नोव्हेंबरच्या पत्रात '२४ अल्ट.' दिसलं तर ते २४ ऑक्टोबर. मोडी पत्रांत 'छ' दिसला की पुढे चांद्र तारीख आहे हे आपण ओळखतो, तशीच ही खूण. हे निसटलं की पुढचा सगळा क्रम एका महिन्याने चुकतो आणि उत्तर प्रश्नाच्या आधी आल्यासारखं वाटतं.

जेफर्सनच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. नोव्हेंबर १७८३ पासून जून १८२६ पर्यंत, म्हणजे मरणाच्या काही दिवस आधीपर्यंत, त्याने पत्रांची नोंदवही ठेवली. ६५६ पानांची. लिहिलेली पत्रं एकीकडे, आलेली दुसरीकडे. आलेल्या पत्राला लिहिल्याची तारीखही आणि मिळाल्याचीही. हरवलेली पत्रंसुद्धा या वहीमुळे कळतात: नोंद आहे पण कागद कुठेच नाही, म्हणजे पत्र गेलं.

कागदी होडी

'कितपत खाजगी' याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ती खाजगी नव्हती. त्या काळी पत्र म्हणजे हस्तलिखित वर्तमानपत्रच. एकाला लिहायचं, त्याने चौघांना वाचून दाखवायचं. लिहिणाऱ्यालाही ते ठाऊक असायचं. म्हणून या पत्रांना 'मनातलं' समजून वाचणं चूक आहे.

सांकेतिक

कागदी होडी, असहमत. सगळी पत्रं फिरवण्यासाठी असती तर इतकी मेहनत घेऊन आकड्यांत कोणी लिहिली असती?

जेफर्सन, मॅडिसन आणि त्यांचा मित्र मन्रो हे लोक कोष्टक वापरत. जेफर्सन आणि मॅडिसन यांच्यात १७८५ पासून जे चालत होतं त्यात सुमारे १७०० आकडे होते. एकेका आकड्याला एक शब्द, एक अवयव (म्हणजे शब्दाचा तुकडा) किंवा एक अक्षर. नेहमीच्या शब्दाला थेट आकडा, अनोळखी नाव आलं तर अवयव जोडून बनवायचं. दोन तक्ते लागतात: लिहिताना शब्दांच्या वर्णक्रमाने लावलेला, वाचताना आकड्यांच्या क्रमाने लावलेला. अख्खं पत्र कोणी आकड्यांत लिहीत नसे, कारण लिहायलाही वेळ आणि उलगडायलाही. जिथे माणसाचं नाव घेऊन मत द्यायचं, किंवा बाहेर फुटलं तर घात होईल असं काही सांगायचं, तेवढंच वाक्य आकड्यांत.

छापील आवृत्तीत असा मजकूर तिरप्या टाइपात दिलेला असतो. तो नुसता भर देण्यासाठी तिरपा आहे असं समजून वाचक पुढे जातात आणि पत्राचा गाभा हुकतो. तिरपा मजकूर आधी वाचा. लेखकाला काय लपवायचं होतं ते तिथेच कळतं.

मॅडिसनचं ६ सप्टेंबर १७८७ चं पत्र घ्या. घटना परिषदेचं कामकाज गुप्त ठेवायचं असं ठरलं होतं. हे पत्र पोचेपर्यंत परिषद उठलेली असेल, म्हणजे वचनभंग होणार नाही, असा हिशेब करून तो जेफर्सनला आराखडा कळवतो. आणि या घटनेने राष्ट्रीय हेतूही साधणार नाही आणि राज्याराज्यांतले गैरप्रकारही थांबणार नाहीत, हे स्वतःचं निराश मत तो आकड्यांत लिहितो. पुढे याच घटनेच्या बाजूने त्याने रान उठवलं. आता सांगा, हे चौघांना वाचून दाखवण्यासाठी होतं?

कागदी होडी

६ सप्टेंबरच्या पत्रापुरतं मान्य. पण ते अपवादात. त्यांच्याच काळातला नेता जॉन ॲडम्स, त्याच्या पत्रात आकडे कुठे दिसतात?

सांकेतिक

ॲडम्सकडे दिसत नाहीत कारण त्याला ते जमले नाहीत! काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी कायदेमंडळाच्या, परराष्ट्र समितीतला जेम्स लव्हेल त्याला आकड्यांत लिहायचा. ॲडम्सने शेवटपर्यंत हात टेकले. त्याच्या बायकोला, ॲबिगेललाही त्यात अडचण यायची.

ती पद्धत अशी. इंग्रजी २६ अक्षरं आणि शेवटी 'अँड'चं चिन्ह, मिळून २७. किल्लीचा शब्द दोन अक्षरांचा, सी आणि आर. क्रँच या ओळखीच्या घराण्याच्या नावाची ही पहिली दोन अक्षरं. पहिला स्तंभ सी पासून सुरू करायचा: सी १, डी २, ई ३ असं झेडपर्यंत, मग चिन्ह २५, ए २६, बी २७. दुसरा स्तंभ आर पासून: आर १, एस २, झेड ९, चिन्ह १०, ए ११, ई १५. आता शब्दाचं पहिलं अक्षर पहिल्या स्तंभातून, दुसरं दुसऱ्यातून, तिसरं पुन्हा पहिल्यातून, असं आलटून पालटून.

'पीस' म्हणजे शांतता हा शब्द घ्या: पी, ई, ए, सी, ई. आकडे येतात १४, १५, २६, १३, ३. एकाच ई ला एकदा १५ आणि एकदा ३, म्हणून चोरून वाचणाऱ्याला कोणतं अक्षर किती वेळा आलं हे नुसतं मोजून सहजासहजी काही सापडत नाही.

चुकतं कुठे? नकलताना एक आकडा गळला की स्तंभांची पाळी उलटते. वरच्यातला १५ विसरून १४, २६, १३, ३ एवढंच लिहिलं, तर वाचणाऱ्याला मिळतं पी, पी, ओ, टी. तिथून पुढचा सगळा मजकूर कचरा. जेफर्सन-मॅडिसनच्या कोष्टकात एक आकडा चुकला तर एकच शब्द बिघडतो, पुढचं शाबूत राहतं. रोजच्या वापरात कोष्टक टिकलं ते या गुणामुळे.

शिक्कामोर्तब

पी-ई-ए-सी-ईचं उदाहरण कागदावर करून पाहण्यासारखं आहे. आता बरोबर कळलं.

लाखबंद

दोघांचंही थोडं बरोबर आहे असं वाटतं. पत्र कुठल्या वाटेने गेलं त्यावर ते किती मोकळं, हे ठरायचं. तीन वाटा होत्या.

पहिली, सरकारी टपाल. २० फेब्रुवारी १७९२ च्या कायद्याने दर ठरले: ३० मैलांपर्यंत ६ सेंट, ४५० मैलांच्या पुढे २५ सेंट, आणि तेही एका कागदाला. दोन कागद असले की दुप्पट. पैसे बहुधा घेणाऱ्याने भरायचे. पाकीट वापरलं तर तोही कागद मोजला जाई, म्हणून पाकीटच नसे. एक मोठा ताव मधोमध दुमडला की चार पानं होतात. तीन पानांवर मजकूर, चौथ्यावर पत्ता, मग घडी घालून लाखेने किंवा खळीच्या टिकलीने बंद. पदावरच्या लोकांना टपाल माफ होतं. पत्त्याच्या बाजूला स्वतःची सही केली की झालं. पण माफीच्या सहीचा तोटा असा की पत्र कोणाचं आहे हे बाहेरूनच कळायचं.

दुसरी वाट, विश्वासू माणसाच्या हाती. तिसरी, जहाजाच्या कप्तानाकडे किंवा समुद्र ओलांडणाऱ्या प्रवाशाकडे.

१७९८ साली राजद्रोहाचा कायदा आला. टपाल कचेऱ्या जेफर्सनच्या विरोधातल्या फेडरलिस्ट पक्षाच्या लोकांच्या हाती. जेफर्सन तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष. नोव्हेंबर १७९८ मध्ये जॉन टेलरला तो लिहितो की टपालाच्या बेइमानीमुळे मोकळेपणाने लिहिता येत नाही. २२ नोव्हेंबर १७९९ ला मॅडिसनला कळवतो की टपालावर आता गोपनीय काहीच सोपवणार नाही, छापील कागद पाठवत जाईन, असं का ते तुम्ही समजून घ्याल. म्हणजे त्या वर्षी दोघांमधली पत्रं कोरडी दिसली तर मैत्री आटली असं समजायचं नाही. वाट बंद होती.

मोडीवाचक

लाखबंद, लाखेवरून आठवलं. घाईने फोडताना लाखेबरोबर कागदाचा तुकडा निघतो आणि चार-पाच ओळींतला एकेक शब्द जातो. छापील आवृत्तीत मध्येच चौकटी कंसात शब्द दिसतो तो बऱ्याचदा याच भोकातला. संपादकांनी तो दुसऱ्या प्रतीवरून किंवा संदर्भावरून भरलेला असतो. एखाद्या वाक्यावर तुमचा मुद्दा उभा असेल तर तो शब्द कंसातला नाही ना, हे पाहून घ्या.

अवलोकिता

दुसरी प्रत येते कुठून, हेही सांगायला हवं.

ॲडम्स सुरुवातीला नकला ठेवत नसे. २ जून १७७६ ला तो ॲबिगेलला लिहितो की आजवर एकाही पत्राची नक्कल ठेवली नव्हती, आता कोरी वही विकत आणलीय. वहीत हाताने उतरवायचं म्हणजे प्रत्येक पत्र दोनदा लिहायचं. उतरवताना शब्द बदलतात, शेवटचं वाक्य राहून जातं. म्हणून वहीतली प्रत आणि गेलेलं पत्र जुळेलच असं नाही.

जेफर्सनने १७८५ पासून दाबयंत्र वापरलं. जेम्स वॉटने १७८० मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं. कृती अशी: शाईत साखर किंवा डिंक जास्त, म्हणजे ती पटकन पक्की होत नाही. पत्र लिहून झालं की शक्यतो त्याच दिवशी पातळ, खळ न लावलेला कागद ओला करायचा, टिपकागदाने जादा पाणी काढायचं, लिहिलेल्या बाजूवर ठेवायचा आणि दोन्ही दाबाखाली द्यायचे. थोडी शाई पातळ कागदावर उतरते. ती उलटी उमटते, पण कागद इतका पातळ की मागच्या बाजूने सुलटी वाचता येते. कागद जास्त ओला राहिला तर नक्कल फुटते आणि मूळ पत्रही डागळतं. कमी ओला असला तर अक्षर पुसट. कडेला दाब कमी पडला तर ओळींची शेवटची अक्षरं गायब. आज या नकला सगळ्यात जास्त त्रास देतात.

१८०४ पासून त्याच्याकडे पॉलिग्राफ आला. जॉन आयझॅक हॉकिन्सचा शोध, अमेरिकेत तो बनवायचा चार्ल्स विल्सन पील. दोन पिसं सांध्यांच्या चौकटीने जोडलेली. एक हातात धरून लिहायचं, दुसरं शेजारच्या कागदावर तेच उमटवतं. दोन्ही पिसं एकाच लांबीची आणि एकाच धारेची कापावी लागतात, नाहीतर एक कागदाला टेकतं आणि दुसरं वरच तरंगतं. सांधे ढिले पडले की नकलेचं अक्षर थरथरतं. पीलकडे दुरुस्त्यांच्या फेऱ्या सतत चालू होत्या, पण जेफर्सनने यंत्र सोडलं नाही. सुमारे १९ हजार पत्रं लिहिणाऱ्या माणसाचं, त्यात पॅरिसला असताना १७८६ मध्ये उजवं मनगट मोडलेलं. त्याची यंत्रावरची माया समजण्यासारखी आहे.

आवृत्तीत पत्राखाली आद्याक्षरं असतात ती हीच. 'आर.सी.' म्हणजे घेणाऱ्याकडे पोचलेली प्रत. 'पीआर.सी.' दाबयंत्राची. 'पीओ.सी.' पॉलिग्राफची. 'एफ.सी.' स्वतःकडे ठेवलेली. 'टीआर' म्हणजे नंतर कोणीतरी उतरवलेली. फक्त शेवटची उपलब्ध असेल तर सावध राहा.

कागदी होडी

अवलोकिता, फार उपयोगी. यात एक भर घालतो: पोचलेली प्रतसुद्धा जशीच्या तशी उरते असं नाही. मॅडिसनने म्हातारपणी आपली पत्रं परत मिळवली आणि छापण्याआधी काही ठिकाणी शब्द आणि वाक्यं बदलली. मार्था वॉशिंग्टनने तर नवऱ्याची आणि आपली पत्रं नष्टच केली, मोजकी उरली. हे लोक पुढच्या पिढ्या वाचणार हे धरून चालत होते. माझा मूळ मुद्दा तोच आहे.

सांकेतिक

पुढच्या पिढीने वाचणं आणि शेजाऱ्याने आज वाचणं यात फरक आहे. आज वाचलं गेलं तर काय होतं त्याची दोन उदाहरणं देतो.

जुलै १७७५. ॲडम्स फिलाडेल्फियाहून जेम्स वॉरन या मित्राला आणि ॲबिगेलला लिहितो. पत्रं बेंजामिन हिचबॉर्न या तरुण वकिलाकडे देतो. ऱ्होड आयलंडमध्ये नॅरगॅन्सेट खाडी ओलांडताना ब्रिटिश आरमार त्याला पकडतं. वॉरनच्या पत्रात काँग्रेसमधल्या जॉन डिकिन्सनबद्दल, नाव न घेता, 'मोठी संपत्ती आणि क्षुल्लक बुद्धी' अशा अर्थाचे शब्द होते. ऑगस्टमध्ये ते बोस्टनच्या वर्तमानपत्रात छापून आलं. सप्टेंबरमध्ये डिकिन्सन ॲडम्सच्या समोरून मान न झुकवता निघून गेला. ॲडम्सने हे डायरीत लिहून ठेवलंय.

दुसरं, २४ एप्रिल १७९६. जेफर्सन इटलीतल्या मित्राला, फिलिप मॅझेईला लिहितो. पत्र इटालियनमध्ये गेलं, तिथून फ्रेंचमध्ये, जानेवारी १७९७ मध्ये पॅरिसच्या मॉनितर या वर्तमानपत्रात छापलं, आणि मे मध्ये पुन्हा इंग्रजी होऊन न्यूयॉर्कच्या मिनर्व्हा या वर्तमानपत्रात. तीन भाषांतरांत एक 'एस' गळला. मूळ वाक्य असं की विरोधातल्या (फेडरलिस्ट) पक्षाने ब्रिटिश राज्यपद्धतीचे 'फॉर्म्स' आणलेच आहेत, आता गाभाही आणू पाहतोय. अनेकवचनी 'फॉर्म्स' म्हणजे दरबारी रीती: राष्ट्राध्यक्षांच्या भेटीचे सोहळे, वाढदिवस, मिरवणुका. एकवचनी 'फॉर्म' म्हणजे राज्याचा साचा, म्हणजे खुद्द राज्यघटना. छापून आलं ते एकवचन, आणि जेफर्सन घटनेचाच विरोधक ठरला. ३ ऑगस्ट १७९७ ला त्याने मॅडिसनला सल्ला विचारला. मन्रोचं म्हणणं पत्र कबूल करावं, मॅडिसनचं म्हणणं गप्प बसावं. जेफर्सन गप्प बसला, कारण खुलासा करायचा तर त्याच पत्रातले वॉशिंग्टनबद्दलचे शेरेही खुलासून सांगावे लागले असते. वॉशिंग्टनशी त्याचा पत्रव्यवहार त्यानंतर झाला नाही.

लाखबंद

पत्र आणि पार्सल वेगवेगळं निघालं की काय होतं याचं माझं आवडतं उदाहरण. अकरा वर्षांच्या अबोल्यानंतर, दोघांचा मित्र बेंजामिन रश याच्या खटपटीने, १ जानेवारी १८१२ ला ॲडम्स जेफर्सनला लिहितो: घरच्या मागावर विणलेले दोन तुकडे पाठवतोय. ते तुकडे म्हणजे मुलाच्या, जॉन क्विन्सीच्या, वक्तृत्वावरच्या व्याख्यानांचे दोन खंड. पत्र आधी पोचलं, पुस्तकं मागे राहिली. जेफर्सनने २१ जानेवारीला उत्तर धाडलं ते थेट व्हर्जिनियातल्या घरगुती कापड विणण्यावर, मागांसकट! तिथून १८२६ पर्यंत दोघांची १५८ पत्रं झाली, ॲडम्सची १०९ आणि जेफर्सनची ४९.

शिक्कामोर्तब

हे फारच गोड आहे. ॲडम्स रागावला नाही?

लाखबंद

नाही, पुस्तकं पोचल्यावर उलगडा झाला. त्या दोघांच्या पत्रांत यापेक्षा मोठी परीक्षा १८२३ मध्ये आली. ॲडम्सने पूर्वी कनिंगहॅम नावाच्या नातलगाला लिहिलेली जेफर्सनवरच्या टीकेची पत्रं कनिंगहॅमच्या मुलाने छापली. १२ ऑक्टोबर १८२३ ला जेफर्सनने लिहून टाकलं की अशा गोष्टींनी आपल्या म्हातारपणच्या मैत्रीत काटा शिरणार नाही. ते पत्र जरूर वाचा.

अवलोकिता

तारखांचं महत्त्व कळण्यासाठी १७९२ पण वाचा. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री हॅमिल्टन आणि परराष्ट्रमंत्री जेफर्सन हातघाईवर आलेले. वॉशिंग्टन २३ ऑगस्टला जेफर्सनला आणि २६ ऑगस्टला हॅमिल्टनला जवळपास एकच विनंती करतो: एकमेकांना सांभाळून घ्या. दोघांची उत्तरं एकाच दिवसाची, ९ सप्टेंबर १७९२. एक माँटिचेलोहून, एक फिलाडेल्फियाहून. एकाला दुसऱ्याने काय लिहिलं हे ठाऊक नाही. शेजारी शेजारी ठेवून वाचली की दोघांचा स्वभाव उघडा पडतो.

फाउंडर्स ऑनलाइन या संकेतस्थळावर लेखक, घेणारा आणि तारीख तिन्ही लावून शोधता येतं. पावणेदोन लाखांहून जास्त कागद तिथे फुकट आहेत. 'अर्ली ॲक्सेस' असं लिहिलेले मजकूर अजून अंतिम तपासलेले नाहीत, एवढं ध्यानात ठेवा.

मोडीवाचक

आता दौतटाक यांच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. माझ्या पहिल्या प्रतिसादात सांगितलेला तक्ता मांडतो.

१९ मार्च १७८७: मॅडिसन जेफर्सनला राज्यांच्या कायद्यांवरच्या नकाराधिकाराची कल्पना पहिल्यांदा कळवतो.

२० जून: जेफर्सनचं उत्तर. प्रथमदर्शनी पटत नाही, असं तो स्वच्छ लिहितो. भोक आणि ठिगळ एका मापाचं हवं, इथे छोट्या भोकासाठी अख्खा अंगरखा झाकला जातोय. राज्यांच्या शंभर कायद्यांत एखादाच संघराज्याशी संबंधित असतो. त्याऐवजी राज्यांच्या न्यायालयांवरून केंद्राच्या न्यायालयात अपील ठेवा.

१७ जुलै: घटना परिषद नकाराधिकार फेटाळते. १८ जुलै, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, मॅडिसन जेफर्सनला पत्र लिहितो, पण गुप्ततेमुळे हे सांगू शकत नाही!

२४ ऑक्टोबर: १७ पानं. सुरुवातीलाच तो लिहितो की आधीची दोन पत्रं दुर्दैवाने अडकून राहिली आणि याच खेपेला जाताहेत. त्यातलं एक कमोडोर जोन्सकडे दिलं होतं, जोन्सचं जाणं लांबलं. पुढे तो हेही लिहितो की २० जूनच्या पत्राची पोच पूर्वीच दिलीय.

तेव्हा ती सगळी पानं जेफर्सनच्या ठिगळाला दिलेलं उत्तर आहेत. मॅडिसन स्वतःच त्याला बेसुमार विषयांतर म्हणतो आणि माफी मागून मूळ मुद्द्यावर परततो.

आता २० डिसेंबर. जेफर्सन पहिल्याच ओळींत सांगतो: तुमची १८ जुलै, ६ सप्टेंबर आणि २४ ऑक्टोबरची पत्रं काल, परवा आणि त्याआधी तीन-चार दिवसांनी अशी पाठोपाठ मिळाली. पाच महिन्यांचा ऐवज एका आठवड्यात येऊन पडलाय.

सांकेतिक

आणि घटनेचा मजकूर त्याच्या हाती आधीच होता. १३ नोव्हेंबर १७८७ ला तो लंडनमधल्या ॲडम्सला आपली मतं लिहून चुकला होता. राष्ट्राध्यक्ष पुन्हा पुन्हा निवडून येण्यावरची चीड त्याच पत्रात आहे. मॅडिसनचं पत्र पोचलं तेव्हा त्याची मतं ठरलेली होती.

कागदी होडी

हा तक्ता पटला. म्हणजे जेफर्सनने नकाराधिकाराला हात लावला नाही कारण त्याचं म्हणणं सहा महिन्यांपूर्वीच देऊन झालं होतं, आणि परिषदेनेही तोच निकाल दिला होता. हरलेल्या मित्राला 'मी म्हणालो होतो' हे ऐकवायचं त्याने टाळलं. २० डिसेंबरच्या पत्रात, पत्र भरायला फारसं काही नाही म्हणून घटनेबद्दल चार शब्द लिहितो, अशी सुरुवात करून तो थेट आपल्या दोन तक्रारींकडे वळतो. माझं आधीचं विधान दुरुस्त करतो: हे पत्र चौघांसाठी नाही, एकासाठीच लिहिलेलं आहे.

मोडीवाचक

कागदी होडी, ऐकवायचं टाळलं हा तुमचा अंदाज आहे, पत्रात तसा शब्द नाही. पण तारखा त्याच्या आड येत नाहीत.

दौतटाक

सगळ्यांचे मनापासून आभार. पत्र नीट वाचलं नसेल ही शंका मागे घेतो. २० जूनचं पत्र न वाचता २० डिसेंबरचं वाचत होतो, चूक तिथे होती.

आता हक्कांच्या सनदेवरची जोडी घेतोय: मॅडिसनचं १७ ऑक्टोबर १७८८ चं आणि जेफर्सनचं १५ मार्च १७८९ चं. पहिल्या पत्रात मॅडिसन अशा सनदांना 'चर्मपत्राची कुंपणं' म्हणतो, दुसऱ्यात जेफर्सन सांगतो की सनदेने न्यायालयांच्या हाती अंकुश येतो. ८ जून १७८९ ला मॅडिसनने काँग्रेसमध्ये दुरुस्त्या मांडल्या. आधी जेफर्सनच्या नोंदवहीतली मिळाल्याची तारीख काढतो, मग मॅडिसनने १५ मार्चच्या पत्राची पोच कोणत्या पत्रात दिली ते शोधतो. मजकूर त्यानंतर.

अवलोकिता

१५ मार्चच्या पत्राखाली कोणती प्रत दिलीय तेही पाहा. 'पीआर.सी.' असेल तर ओळींच्या शेवटाकडे लक्ष द्या.